खुडूक कोंबडीखाली विकतची पिल्लं: घाई कुठे नडते

हॅचरीतून आणलेली पिल्लं खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीनं चोची मारून मारली, ही तक्रार थंडीच्या दिवसांत हमखास कानावर येते. कोंबडीला बोल लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. ती किती दिवसांपासून बसली होती, आणि पिल्लं तिच्यासमोर कधी सोडली? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच निघतं: बसून चार दिवस झाले होते आणि पिल्लं भर दुपारी सोडली होती.

खुडूक बसलेल्या कोंबडीला पिल्लं हवी असतात असं आपण धरून चालतो. सुरुवातीला तिला फक्त बसायचं असतं. तीन आठवडे पोटाखाली अंड्यांचा स्पर्श राहिला की मग ती पिल्लांसाठी तयार होते. या टप्प्याआधी आलेलं पिल्लू तिच्या लेखी घरट्यात घुसलेला परका जीव असतो. दहा-बारा दिवसांत पिल्लं घेणाऱ्या कोंबड्याही असतात, पण तो जुगार आहे. अठरा-वीस दिवस थांबलं तर बहुतेक कोंबड्या घेतात.

म्हणून आधी ती खरी खुडूक आहे का ते पाहायचं. पोटाखाली हात घातला की ती अंग फुगवते, घशातून कुरकुरते, टोचते, पण जागा सोडत नाही. छातीखालची पिसं झडून कातडी उघडी पडते आणि हाताला गरम लागते. दिवसातून एकदाच पंधरा-वीस मिनिटं उठते आणि मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते. दिवसभर बसून रात्री दांडीवर झोपायला जात असेल तर अजून अवकाश आहे. सलग दोन रात्री घरट्यातच राहिली की पक्कं समजा. मग अंधार पडल्यावर तिला वेगळ्या, शांत, कमी उजेडाच्या जागी हलवा आणि पोटाखाली खोटी अंडी ठेवा. बाजारातली पांढरी फार्मची अंडीही चालतात, कारण ती फलित नसतात. मात्र आठवड्यानं बदला, नाहीतर कुजून फुटतात आणि सगळं घरटं घाण होतं.

घरट्याला बांबूची पाटी किंवा फळांचा जुना खोका पुरतो. तळाला दोन बोटं माती, मध्ये हलका खोलगट आकार, वर पेंढा. कोपरे पेंढ्यानं ठासून भरा. तिथे घरंगळलेलं अंडं कोंबडीला परत आत ओढता येत नाही. मातीत मूठभर चुलीची राख आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला मिसळा. उवा-पिसवांनी हैराण झालेली कोंबडी पंधराव्या-सोळाव्या दिवशी बसलेली उठते, आणि तोवरची सगळी मेहनत वाया जाते. बसवण्याआधी शेपटीखालची पिसं बाजूला करून एकदा नीट बघाच.

विकतच्या पिल्लांऐवजी अंडीच बसवायची असतील तर ती सात दिवसांच्या आतली, न धुतलेली, फ्रीजमध्ये न ठेवलेली हवीत. निमुळतं टोक खाली करून गारव्याला ठेवायची. गावठी कोंबडीखाली तिच्या मापाची दहा-बारा अंडी मावतात. गिरिराज-वनराज या सुधारित जातींची मोठी अंडी आठ-नऊच ठेवा. तिच्या पिसांबाहेर एकही अंडं दिसता कामा नये. कोंबडी अंडी सतत फिरवते, कडेची आत आणि आतली कडेला. त्यामुळे दोन अंडी जास्त झाली तर नुकसान दोनांचंच होत नाही, पाळीपाळीनं बरीच अंडी गार पडतात. सगळी अंडी एकाच रात्री ठेवा आणि पेन्सिलीनं खूण करा. दुसरी कोंबडी तिथेच अंडं घालून गेली तर बिनखुणेचं अंडं लगेच उचलता येतं. उशिरा आलेलं अंडं २१ व्या दिवशी अर्धवट राहतं, कारण पहिली पिल्लं चालायला लागली की आई त्यांच्यामागे निघते. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याला भोक पाडून अंडी तपासा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. स्वच्छ दिसणारं अंडं फलित नाही. लाल कडं दिसलं तर जीव धरून मेला आहे. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. कवचाला पहिलं भोक पडल्यावर पिल्लू पूर्ण बाहेर यायला १२ ते २४ तास लागतात. या वेळात कवच सोलून मदत केली तर शिरा फाटून पिल्लू रक्त जाऊन मरतं.

आता विकतची पिल्लं. ती एक-दोन दिवसांचीच हवीत, फार तर तीन. त्यापुढे पिल्लू बल्बच्या उबेला सरावतं, कोंबडीची हाक ओळखत नाही आणि पंखाखाली शिरायचं सोडून पळत सुटतं. ती कोंबडी चांगली असली तरी काय करणार? प्रवासातून आलेल्या प्रत्येक पिल्लाची चोच कोमट पाण्यात एकदा बुडवून त्याला पाणी प्यायला शिकवा आणि अंधार पडेपर्यंत उबेत ठेवा.

रात्री नऊ-दहाला, मोठा दिवा न लावता, लांबवर ठेवलेल्या मंद उजेडात काम करायचं. पिल्लू मुठीत झाका, हात मागून पंखाखाली सरकवा, पिल्लू सोडा आणि त्याच हातानं एक अंडं बाहेर काढा. कोंबडी हाताला टोचेल, टोचू द्या. हात झटक्यानं मागे घेऊ नका. पहिल्यांदा दोनच पिल्लं ठेवून वीस मिनिटं ऐकत बसा. गारठलेलं, घाबरलेलं पिल्लू तीक्ष्ण, तुटक चिवचिवतं. ऊब लागली की तोच आवाज बारीक आणि मऊ होतो, आणि वरून कोंबडीचा खालच्या पट्टीतला कुर्र-कुर्र सुरू होतो. हे दोन्ही आवाज जुळले की उरलेली पिल्लं एकेक करून आत सोडा. एक-दोन खोटी अंडी सकाळपर्यंत राहू द्या, म्हणजे ती बसून राहते. एका कोंबडीला दहा-बारा पिल्लं पुरे. कडाक्याच्या थंडीत त्याहून कमी.

खरी परीक्षा पहाटे होते, कारण कोंबडी पिल्लं पहिल्यांदा तेव्हा पाहते. उजाडायच्या आधी तिथे हजर राहा. ती दाणा चोचीत उचलून पुन्हा खाली टाकत टुक-टुक करू लागली तर काम झालं. एखादी हलकी टोच म्हणजे दटावणं, त्याला घाबरू नका. मानेची पिसं उभी करून डोक्यावर, डोळ्यांवर नेम धरला तर मात्र पिल्लं त्याच क्षणी उचला आणि बल्बखाली ठेवा. दोन-तीन रात्रींनी पुन्हा प्रयत्न करता येतो, पण तोवर पिल्लांचं वय सरत असतं. तिची स्वतःची पिल्लं निघाली असतील तर विकतची त्याच किंवा दुसऱ्या रात्रीच मिसळा. सगळी पांढरी पिल्लं असताना चार दिवसांनी आणलेलं काळं कडकनाथ ती वेगळं पाडू शकते.

पहिले चार-पाच दिवस आई-पिल्लं कोरड्या जमिनीवर डालग्याखाली ठेवा. जाळी लावायची तर अर्ध्या इंचाची. एक इंचाच्या जाळीतून पिल्लू बाहेर जातं आणि मांजराचा पंजा आत येतो. पाण्याची ताटली उथळ ठेवा आणि तीत खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. खाद्य दोघांनाही चिक स्टार्टरच (पिल्लांचं तयार खाद्य) द्या. लेअरच्या, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या, खाद्यातला जास्तीचा चुना पिल्लांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लं वाढत नाहीत, ती वरून मूठभर ठीक.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पिल्लांच्या वयाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. दिवसा पिल्लं धरायला गेलात तर कोंबडी अंगावर येते, म्हणून रात्री पंखाखालून काढून द्या. लसीच्या बाटलीत एका घराला लागतात त्याहून बरेच जास्त डोस असतात आणि ती कालवल्यावर दोन तासांत, बर्फात ठेवूनच संपवावी लागते. आळीतल्या तीन-चार घरांनी एकाच रात्री लस दिली तर ती वाया जात नाही.

सहा ते आठ आठवड्यांनी कोंबडी पुन्हा दांडीवर झोपू लागते आणि पिल्लांना हुसकावते. तेव्हा पिल्लं एकत्रच वेगळ्या खुराड्यात हलवा, एकेक करून नको. ती लवकरच पुन्हा अंडी घालू लागेल. त्या खेपेला खुडूक बसली तर आधी हातात उचलून छातीचं हाड चाचपा. हाड धारदार लागत असेल तर ती खंगलेली आहे, यंदा तिला बसू देऊ नका. हवेशीर, तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणा-पाण्यासह ठेवली की तिची खुडूक मोडते.