तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीला ग्रामरला का नाही घातलं?

पुण्याहून मावशीचा फोन आला की ती, आणि इथे इंग्लंडमधे रेडिंगला गणपतीत भेटणारे निम्मे लोक, एकच विचारतात: "अगं, मुलींची ग्रामर स्कूल गावात असताना त्या साध्या शाळेत का घातलंस?"

साधी म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह. प्रवेश परीक्षा नाही, हुशार-ढ काही बघत नाहीत, जवळ राहणारं पोर आत. पूर्वी इंग्लंडमधे अकराव्या वर्षी इलेव्हन प्लस नावाची परीक्षा व्हायची, पास झालेली ग्रामरला, उरलेली बहुतेक सेकंडरी मॉडर्न नावाच्या दुसऱ्या शाळांना, विषय संपला. १९६५ ला लेबर सरकारने पत्रक काढून कौन्सिलांना हे मोडायला सांगितलं (आणि गंमत बघा, सगळ्यात जास्त कॉम्प्रिहेन्सिव्ह मंजूर झाल्या त्या नंतर विरोधी हुजूर पक्षाच्या थॅचरबाई शिक्षणमंत्री असताना!). तरी १६३ ग्रामर उरल्याच.

ग्रामरच्या प्रवेश परीक्षेसाठी आम्हीपण ट्यूशन लावली होती, खोटं कशाला बोलू. एका सराव परीक्षेत दोन पानं चिकटली, तिच्या लक्षातच आलं नाही, आठ प्रश्न राहिले, आणि मी रात्रभर जागी. नऊ वर्षांच्या पोरीची पानं चिकटली म्हणून! माझी स्वतःची चौथीची स्कॉलरशिप तीन मार्कांनी हुकली होती, ते तीन मार्क लग्नापर्यंत ऐकलेत मी. दुसऱ्या दिवशी ट्यूशन बंद.

इयर सेव्हनला, म्हणजे या शाळेच्या पहिल्याच वर्षी, ती मॅथ्सच्या चौथ्या सेटमधे पडली (सेट म्हणजे मुलांच्या तयारीप्रमाणे पाडलेले गट). पाचातल्या चौथ्या. वहीत चुकलेलं हिरव्या पेनने परत सोडवायचं असतं, तिची वही नुसती हिरवीगार. इयर नाइनपर्यंत दुसऱ्या सेटमधे आली. मला हेच हवं होतं, चुकलं तर पुढच्या वर्षी वर सरकायला जागा.

सगळं गोड नाहीये हां. खालच्या सेटमधली काही पोरं तिथेच राहतात, मग जीसीएसईला (इथली दहावीसारखी परीक्षा) मॅथ्सचा सोपा, फाउंडेशन पेपर, त्यात कितीही चांगलं लिहा, नवापैकी पाचच्या वर ग्रेडच नाही. आणि जवळचं म्हणजे किती जवळचं? आमच्या शाळेत जागा कमी पडल्या की घर ते शाळा सरळ रेषेत मोजतात, त्यामुळे त्या गल्ल्यांमधली भाडी विचारू नका, आम्ही दोन बेडरूममधे चौघं राहतोय ते काय हौस म्हणून?

धाकट्याचा फॉर्म ३१ ऑक्टोबरच्या आत भरायचाय. पहिल्या नंबरला तीच शाळा टाकणारे. मावशीला अजून सांगितलेलं नाही.