हाय जॉली

दगडी पिरॅमिडच्या टोकावर तांब्याचा उंट, खाली नाव 'हाय जॉली'. लेक खुदकन हसली. "बाबा, असं कुठे नाव असतं?"

अगं, हाजी अली! अमेरिकनांच्या तोंडी त्याचं झालं 'हाय जॉली'. (मला आधी वरळीच आठवली.)

ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट. गॅस भरायला थांबलो होतो. १८५६ मध्ये अमेरिकन लष्कराने वाळवंटात ओझी वाहायला उंट आणायला सुरुवात केली. ते हाकायला आलेल्यांपैकी हा एक. पुढे लष्कराचा नाद सुटला, काही उंट मोकाट झाले. पाठीवर सांगाडा बांधलेल्या लाल उंटाच्या भुताटकीच्या गोष्टी तर अजून सांगतात! हा मात्र इथेच राहिला, १९०२ मध्ये गेला.

गाडीत बसलो. सकाळच्या कॉफीच्या कपावर माझं 'ऋषिकेश' होतं 'रिची केस'. मी 'थँक यू' म्हणून घेतलाही होता.

तुमच्या नावाचं काय काय झालंय?