ओळखीच्या शब्दांचा दगा

परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यावी लागणाऱ्या जीआरई या इंग्रजी परीक्षेच्या तयारीला लागल्यावर मी सर्वात आधी एक जाडजूड वही केली, तिच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली आणि डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ अशा पद्धतीने तीन महिन्यांत सुमारे नऊशे शब्द उतरवून काढले. पहिल्या सराव परीक्षेत ‘ऑब्ड्युरेट’ हा शब्द समोर आला, तेव्हा तो डाव्या पानावर वरून तिसरा आहे आणि त्याच्या शेजारी शाईचा डाग पडला आहे, एवढे मला लख्ख आठवले. अर्थ मात्र काही केल्या आठवेना. (कशानेही न द्रवणारा, हटवादी. आता तो विसरायची सोय उरलेली नाही.)

मात्र चुकलेली उत्तरे घेऊन नीट बसले, तेव्हा ध्यानात आले की खरा घात वहीतल्या अवघड शब्दांनी केलाच नव्हता. जे शब्द मला येतात असे समजून मी वहीत उतरवलेच नव्हते, त्यांनी तो केला होता. एका वाक्यात समीक्षकाने कादंबरीची ‘क्वालिफाइड’ स्तुती केल्याचे म्हटले होते. मराठी बोलतानाही आपण एखादा संघ अंतिम फेरीसाठी क्वालिफाय झाला असे सहज म्हणतो. त्याच ओघात मी या स्तुतीचा अर्थ ‘जाणकाराने केलेली स्तुती’ असा लावला आणि रिकाम्या जागेत कौतुकाचा भरघोस शब्द निवडून मोकळी झाले. तेथे ‘क्वालिफाय’चा अर्थ होता विधानाला मर्यादा घालणे, ‘पण’ची पुस्ती जोडणे. म्हणजे ती हातचे राखून केलेली स्तुती होती. मराठी वाक्प्रचार इतका चपखल आहे की तो त्या क्षणी सुचला असता तर उत्तर चुकलेच नसते.

त्यानंतर मी मराठीत मुरलेल्या इंग्रजी शब्दांची वेगळी यादी सुरू केली आणि ती पाहता पाहता वाढली. आपण ‘चेक’ करतो म्हणजे तपासतो, पण परीक्षेतल्या उताऱ्यात एखाद्याची महत्त्वाकांक्षा ‘चेक’ होते ती आवर घातला जाऊन. आपल्याकडे कर्ज ‘सँक्शन’ होते, तर बातम्यांतल्या ‘सँक्शन्स’ म्हणजे निर्बंध; एकच शब्द मंजुरीही देतो आणि शिक्षाही करतो. ‘टेम्पर’ म्हणजे आपल्या लेखी संताप, पण क्रियापद म्हणून तोच शब्द तीव्रता कमी करतो. ‘प्लास्टिक’ हे विशेषण सहज आकार बदलणाऱ्या गोष्टीला लागते, मग ती माती असो वा मेंदू. आणि एखाद्या कल्पनेला ‘करन्सी’ मिळाली तर तेथे पैशाचा संबंध नसतो, ती प्रचलित झालेली असते. आपले ‘चलन’ आणि ‘प्रचलित’ हे शब्दही एकाच धातूचे आहेत, हे मला त्या इंग्रजी वाक्यामुळे प्रथमच जाणवले.

या परीक्षेची घडणच अशी आहे की निव्वळ पाठांतराला तिथे फारसा वाव नाही. 2011 मध्ये स्वरूप बदलले, तेव्हा विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे साधर्म्य ओळखण्याचे प्रश्न काढून टाकण्यात आले आणि शब्द वाक्यातच पारखण्यावर भर आला. एका प्रश्नप्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात, की त्यांपैकी कोणताही रिकाम्या जागी बसवला तरी वाक्य पूर्ण व्हावे आणि अर्थ सारखाच निघावा. एकच बरोबर आला तर अर्धा गुणही मिळत नाही. पर्यायांत समानार्थी दिसणारी, पण वाक्याशी मुळीच न जुळणारी जोडीही असू शकते, आणि घाईत हात तिच्यावरच पडतो.

माझ्या वहीत ‘टॅसिटर्न’, ‘रेटिसंट’ आणि ‘लॅकोनिक’ या तिघांपुढे ‘मितभाषी’ एवढेच लिहिलेले होते. प्रत्यक्षात पहिला घुमा आहे, दुसरा मनातले बाहेर पडू देत नाही आणि तिसरा थोडक्यात, पण नेमके बोलतो. ‘लॅकोनिक’ हा शब्द प्राचीन ग्रीसमधले स्पार्टा हे नगरराज्य ज्या प्रदेशात होते त्या लॅकोनियावरून आला. मॅसिडोनियाच्या राजा फिलिपने धमकी पाठवली की मी तुमच्या भूमीत शिरलो तर तुमचा सर्वनाश करीन, आणि स्पार्टाकडून उत्तर गेले, ‘जर’. अशी आख्यायिका आहे. घुम्या माणसाला असे उत्तर सुचणार नाही.

शेवटी वही मी मिटून ठेवली आणि कार्डांकडे वळले. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात लोकप्रिय केलेली खणांची पद्धत सोपी आहे: अर्थ बरोबर आला की कार्ड पुढच्या खणात जाते आणि अधिक दिवसांनी पुन्हा समोर येते, चुकला की थेट पहिल्या खणात परतते. त्यात मी एवढाच फेरफार केला की कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द सुटा न लिहिता जागा रिकामी ठेवून पूर्ण वाक्य लिहिले, आणि मागे त्या शब्दाबरोबर शक्य तेथे मराठी वाक्प्रचार. ‘ऑब्सिक्वियस’मागे ‘लाळघोट्या’ लिहिले आणि ते कार्ड पुन्हा कधी चुकले नाही. ‘ऑफिशियस’मागे ‘नको तिथे लुडबुड करणारा’ असे लिहावे लागले, कारण तोवर मी त्याला कार्यालयीन कामकाजाशी जोडत होते. ‘नॉइसम’चा गोंगाटाशी संबंध नाही, तो दुर्गंधीचा शब्द आहे, हेही असेच उशिरा कळले.

बहुतेक कार्डे यथावकाश शेवटच्या खणात पोहोचली. ‘एनर्व्हेट’ तेवढे शेवटपर्यंत पहिल्या खणात येत राहिले. त्याचा अर्थ गलितगात्र करणे असा आहे, पण त्या नादात ‘एनर्जी’ ऐकू येते आणि अजूनही माझ्या तोंडून पहिल्यांदा ‘उत्साह देणे’ हाच अर्थ निघतो.