बेअरिंग कुठं आहे?

सुट्टीत कोल्हापूरला आलो की हा प्रश्न ठरलेला. शिवाजी उद्यमनगरात माझ्या मामांचं लेथचं वर्कशॉप आहे. गेल्या दिवाळीत त्यांना मोबाइलवर आमच्या चिपचा फोटो दाखवला आणि सांगितलं, यातून निघणारा लेझरचा किरण आम्ही हवा तिकडं वळवतो. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "पण ह्यात फिरतंय काय? बेअरिंग कुठं बसवलंय?" मित्र, शेजारी, कॉलेजातली मुलं शब्द बदलून हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहितो.

फिरत काहीच नाही.

तरी प्रश्न अगदी रास्त आहे. अंबाबाईचा किरणोत्सव आपण सगळ्यांनी पाहिलाय. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पितळी उंबरा ओलांडतात, आधी चरणांना लागतात आणि मग वर सरकतात. ती वर चढतात, कारण तिकडं सूर्य खाली उतरत असतो. आरसा फिरवला की कवडसा फिरतो, हेही लहानपणापासून हाताला माहीत असतं. विनाचालक गाड्यांच्या टपावर गरगर फिरणारा लायडार, म्हणजे लेझर सोडून समोरच्या वस्तूंचं अंतर मोजणारं यंत्र, मोटरवरच चालतो. किरण हलला म्हणजे मागं काहीतरी हललं असणार, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

याचं उत्तर मला रंकाळ्यावर सगळ्यात सोपं देता आलं. भाचरं आणि त्यांचे मित्र मिळून आठजण घाटाच्या एका पायरीवर हात-हात अंतरानं बसवले, प्रत्येकाच्या हातात एक काठी. सगळ्यांनी एकाच वेळी पाण्यावर काठी आपटली, तर लाट सरळ समोर निघाली. मग सांगितलं, आता एकदम नको, डावीकडून सुरू करा, पहिल्यानं मारली की दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. तीन-चार वेळा गोंधळ झाला. पाचव्यांदा जमलं आणि लाटेची ओळ तिरकी होऊन उजवीकडं निघाली. जो शेवटी मारतो त्याच्या बाजूला लाट वळते. जागचं कुणीही हललं नव्हतं, बदलल्या होत्या त्या फक्त वेळा.

रेडिओलहरींवर ही युक्ती फर्डिनांड ब्राउन यांनी 1905 मध्येच करून दाखवली होती, रडारमध्ये ती कित्येक दशकं वापरात आहे. आम्ही तेच प्रकाशावर करतो. लेझरचा प्रकाश सिलिकॉनच्या बारीक वाटांमध्ये वाटून देतो. एकेक वाट साधारण अर्धा मायक्रॉन रुंद, आपला केस त्याच्या शंभरपट तरी जाड. प्रत्येक वाटेच्या टोकाला एक इवलासा अँटेना. 2013 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या गटानं अर्ध्या मिलिमीटरहून जरा मोठ्या चौकोनात असे 64 गुणिले 64, म्हणजे 4096 अँटेना बसवले आणि त्यांच्या लहरी जुळवून दूरवर आपल्या संस्थेचा लोगो उमटवला. मी त्यांचा तो शोधनिबंध पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता काठी उशिरा कशी मारायची? सिलिकॉन तापलं की त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग किंचित कमी होतो. म्हणून प्रत्येक वाटेवर धातूची एक बारीक पट्टी, म्हणजे हीटर असतो. 1550 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशासाठी, वाटेचा 100 मायक्रॉनचा तुकडा साधारण 40 अंशांनी तापवला की लहर बरोबर अर्ध्या लांबीनं मागं पडते. पहिल्या वाटेला थोडं, दुसऱ्या वाटेला त्याहून जास्त, असं चढत्या क्रमानं तापवत गेलो की किरण एका बाजूला वळतो. काही मायक्रोसेकंदांत.

ऐकायला सोपं वाटतं. पण अँटेना लांब लांब ठेवले तर एकाऐवजी अनेक किरण निघतात. दोन मायक्रॉनचं अंतर ठेवलं आणि मुख्य किरण सरळ सोडला, तर सुमारे 51 अंशांवर दोन्ही बाजूंना भुतासारखे त्याचे जोडीदार उभे राहतात. अशा चिपनं बघणाऱ्या गाडीला समोरचं झाड दोन-तीन ठिकाणी दिसणं परवडणार नाही. अंतर अर्ध्या तरंगलांबीइतकं, म्हणजे पाऊण मायक्रॉनच्या आसपास आणलं की ही भुतं जातात, पण मग एका वाटेतला प्रकाश शेजारच्या वाटेत झिरपायला लागतो. शेजारच्या वाटांची रुंदी मुद्दाम वेगवेगळी ठेवणं हा त्यावरचा एक उपाय, आणि मला तोच जास्त पटतो.

गाड्यांमध्ये हे कधी येणार, असंही विचारतात. लायडारमधल्या फिरत्या मोटर आणि आरसे इतक्यात जाणार नाहीत. चिपमध्ये बराच प्रकाश वाटेतच वाया जातो आणि लांबचं पाहायला प्रकाशच तर लागतो. जवळच्या अंतराचं काम आधी होईल, असं माझं मत आहे.

मामांना हे सगळं सांगून झाल्यावर मी त्यांना खरी अडचण सांगितली. वाटेच्या रुंदीत एखाद-दोन नॅनोमीटरचा फरक पडला तरी काही मिलिमीटर जाईपर्यंत लहर पार चुकते. त्यामुळं कारखान्यातून आलेल्या नव्या चिपमध्ये आठ नव्हे, शेकडो पोरं आपापल्या मनानं काठ्या मारत असतात. कॅमेऱ्यात नुसता विस्कटलेला उजेड दिसतो. मग एकेका हीटरचा करंट बदलत, ठिपका कुठं उजळतो ते बघत, प्रत्येकाची चूक शोधून भरून काढावी लागते. पहिल्यांदा तो विस्कटलेला उजेड गोळा होऊन एक टोकदार ठिपका झाला, तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटाच होतो, आणि घरी फोन लावला होता.

मामा म्हणाले, "म्हणजे प्रत्येकाला वेगळी शिम घालायची."

शिम म्हणजे यंत्राच्या जोडात फरक भरून काढायला घालतात ती पातळ पट्टी. अगदी तेच. इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण तुझी शिम म्हणजे उष्णताच की. एकाची धग शेजारच्याला लागत न्हाई व्हय?"

लागते. एक वाट जुळवली की शेजारची दोन बिघडतात, त्या जुळवल्या की पहिली. दोन वाटांच्या मधे चर खोदून बघितले, हीटरखालचं सिलिकॉन कोरून काढून बघितलं. गेलं वर्षभर माझं सगळं काम त्या धगीवरच चाललंय.