यंदा आम्ही हुरड्याला गेलो

कॅनडातल्या एडमंटनमध्ये शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते, त्यामुळे इतकी वर्षं माझं माहेरी जाणं त्याच दिवसांत व्हायचं. मंगळवेढ्याचं शिवार तेव्हा कसं दिसतं हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. काळी रानं कुळवून उघडी पडलेली असतात. आमचा पट्टा रब्बीचा. खरिपात जमीन पड ठेवायची, पडेल तेवढा पाऊस तिच्या पोटात मुरू द्यायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरायची. माझे वडील, म्हणजे अण्णा, यांना मुलं आबा म्हणतात. मुलांनी आबांचं शेत म्हणून पाहिलं होतं ते एवढंच, ढेकळं आणि बांधावरची बाभळ. गेल्या खेपेला मुलगी अण्णांना सरळ विचारती झाली, "आबा, तुम्ही इथे करता काय?" अण्णा हसले. मला मात्र ते फार लागलं. ज्या माणसाची सगळी उमर या रानात गेली, तो नातवंडांच्या लेखी रिकाम्या रानाचा धनी होता.

म्हणून यंदा नाताळच्या सुट्टीला थोडी रजा जोडून गेलो. डिसेंबरची तिकिटं महाग पडतात, मुलांच्या शाळेलाही आधी कळवावं लागलं. पण हुरडा काही आपल्या सुट्टीसाठी थांबत नाही.

पहिल्याच सकाळी अण्णा पोरांना घेऊन रानात गेले. मालदांडी ज्वारी पोरांच्या डोक्यावरून कितीतरी वर गेलेली. मुलगा तासात शिरला आणि दिसेनासाच झाला, नुसती पात्यांची सळसळ ऐकू येत होती. थोड्या वेळानं बाहेर येऊन त्यानं विचारलं, "आबा, याला पाणी कुठून देता?" विहीर लांब, पाट नाही, पाइप नाही. अण्णा खाली बसले. जमिनीला पडलेल्या भेगेत त्यांनी हात घातला, खुरप्यानं थोडं खोल उकरलं आणि मातीचा एक गोळा पोराच्या हातावर ठेवला. वरची माती पार सुकलेली, पण हा गोळा गार आणि ओलसर. "पावसाळ्यातलं पाणी हाय हे, बाळा. तू येतोस तवा आम्ही हेच साठवत असतो."

दोन्ही पोरांनी तो गोळा दाबून पाहिला, वास घेतला. मुलगी आबांना मागच्या वर्षी काय विचारून बसली होती, ते तिला आठवलं असावं. नंतर सबंध मुक्कामात ती त्यांच्या मागंमागंच होती.

पाखरं राखायचं काम पोरांनी आपणहून घेतलं. कणसं दुधात आली की चिमण्यांचे थवेच्या थवे उतरतात. अण्णांची गोफण त्यांना काही जमेना, मग पत्र्याचा डबा आणि घसा यांच्यावर भागवलं. एडमंटनच्या घरात "हळू बोला" हे मी दिवसातून कितीदा म्हणते! इथे आबाच सांगत होते, "वरडा की अजून!"

हुरड्यासाठी अण्णा कडेला गूळभेंडी ज्वारीच्या चार ओळी दरवर्षी लावतात. तिचा दाणा मऊ, गोडसर आणि बोंडातून पटकन सुटणारा. आगटीत गोवऱ्यांचा आर झाला की त्यात कणसं खुपसायची, बाहेर काढून गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. आईनं शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि घट्ट दही आणलं होतं. मुलाचे तळवे लालभडक झाले तरी तो चोळायचं सोडेना. तिथे बसूनच अण्णांनी दामाजीपंतांची गोष्ट सांगितली. दुष्काळात बादशहाची कोठारं उपाशी माणसांसाठी कशी उघडली आणि विठोबा महाराचं रूप घेऊन बिदरला पैसे भरायला कसा गेला. ज्वारीच्या रानात बसून ती ऐकणं वेगळंच. आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अण्णांना अभिमान आहे. पण काढणीला माणूस मिळत नाही याची चिंता त्याहून मोठी. ज्वारी हातानं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, कडबा रचायचा. आजूबाजूला पाण्याची सोय झालेले लोक उसाकडे वळले. माझा भाऊ पुण्यात, मी इथे. यावर माझ्याकडे तोडगा नाही, आणि परत येताना सगळ्यात जड वाटलं ते हेच.

बँकेचं केवायसी, आईच्या गुडघ्यांचे एक्स-रे, न्हाणीघरातली धरायची दांडी ही कामंही उरकली.

परतलो तेव्हा एडमंटनमध्ये उणे अठ्ठावीस होतं. सूर्य पावणेनऊच्या पुढे उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. रात्री गाडीच्या इंजिन-हीटरची वायर प्लगला लावायची, सकाळी दारापुढचा बर्फ ओढायचा, पोरांना थरावर थर चढवायचे. पहिला आठवडा पोरं पहाटे तीनला उठून बसायची. बॅगेत आईनं दळून दिलेलं पीठ होतं. विमानतळावर ते रीतसर दाखवूनच आणलं. इथल्या दुकानातल्या पिठाची बहुतेक वेळा विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, आधण घालून कितीही मळलं तरी भाकरी कडेला चिरतेच. आईच्या पिठाची भोगीला केली. तीळ लावून थापलेली भाकरी टम्म फुगली. बाजरीच्या जागी ज्वारी चालवून घेतली, लेकुरवाळ्या भाजीत पावटा गोठवलेला होता. पोरांनी लोणी लावून खाल्ली.

हिवाळ्यात इथलं आणि तिकडचं घड्याळ साडेबारा तासांनी वेगळं, म्हणजे आमचे सकाळचे आठ तेव्हा अण्णांचे रात्रीचे साडेआठ. शाळेच्या आधी फोन होतो. पूर्वी पोरं "बरा आहे, आबा" म्हणून फोन माझ्याकडे द्यायची. आता "पाखरं आली का?", "आगटी पेटवली का?" असे प्रश्न असतात. परवा अण्णांनी उलटं विचारलं, "एवढ्या बर्फाखाली तिकडच्या रानाचं काय होतं रं?" मुलानं शाळेत विचारून उत्तर आणलं. वसंतात बर्फ वितळतो, पाणी मातीत मुरतं आणि मे महिन्यात गहू पेरतात. अण्णा म्हणाले, "मग आपल्यासारखंच की."

काढणी महाशिवरात्रीच्या आसपास निघेल. भावानं त्या आठवड्याची रजा टाकली आहे, मजुरांशी बोलणंही सुरू आहे. पुढच्या डिसेंबरचं आम्ही शाळेला आत्ताच सांगून ठेवलंय.