वेल्डिंग न धरणारी प्लेट

जुलैत गोव्यात झुआरी नदीकाठच्या दुरुस्ती यार्डांत बोटींची गर्दी असते. पर्यटकांचे फेरे थांबलेले, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी; वर्षभर पुढे ढकललेली कामं तेव्हाच निघतात. अशाच एका यार्डाचे फोरमन भर पावसात आमच्या लॅबमध्ये आले आणि गोणपाटात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला.

"मॅडम, वेल्डिंग धरतच नाही हो. एक चीर भरली की तिच्या बाजूने दुसरी जाते. वेल्डर बदलून पाहिला, तरी तेच."

तुकडा इंजिनरूमच्या भिंतीचा, एक्झॉस्ट पाइपच्या शेजारचा. धातू ५०८३, म्हणजे चार ते पाच टक्के मॅग्नेशियम घातलेलं, बोटींसाठीच वापरलं जाणारं ॲल्युमिनियम. पाइपवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टण, कधीतरी गळून पडलं होतं आणि नंतर कुणी लावलं नव्हतं. "हात ठेववत नव्हता भिंतीवर," फोरमनकाका म्हणाले. तेवढ्यावरून माझ्या मनात संशय पक्का झाला.

मी संगणकावर धातूंच्या कणसीमांचा अभ्यास करते. कुठलीही धातूची प्लेट अगणित बारीक स्फटिककणांची बनलेली असते आणि दोन कण भेटतात तिथे, म्हणजे कणसीमेवर, अणूंची मांडणी विस्कटलेली असते. मॅग्नेशियमचा अणू ॲल्युमिनियमच्या अणूपेक्षा साधारण बारा टक्क्यांनी मोठा. कणाच्या आत तो अवघडून बसतो. सीमेवरच्या ऐसपैस जागी गेला की ऊर्जा कमी होते. शिवाय थंड ॲल्युमिनियममध्ये एवढं मॅग्नेशियम मुळात विरघळून राहू शकत नाही. अशी प्लेट साठ-सत्तर अंशांवर महिनोन्महिने राहिली, की मॅग्नेशियम सरकत सरकत सीमांवर जमतं आणि तिथे ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं बीटा संयुग तयार होतं. खाऱ्या पाण्यात सगळ्यात आधी विरघळतं ते हेच. मग ताण आला की प्लेट कणाकणांच्या मधून फाटते. अशा भिंतीला वेल्डिंगची उष्णता आणि थंड होतानाची ओढ दोन्ही सोसत नाही.

लॅबमधल्या साहाय्यकाने तुकड्याची पट्टी कापली, एमरी पेपरवर घासली, डायमंड पेस्टने आरसा केली आणि फॉस्फरिक ॲसिडमध्ये बुडवली. सूक्ष्मदर्शकाखाली सीमांवर काळे चर उमटले. काकांना पाहायला दिलं. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग विचारलं, "या रेषा सगळ्या सारख्याच ना? मग काही काळ्याकुट्ट आणि काही दिसतही नाहीत, असं का?"

मी थबकले. माझं सगळं काम याच प्रश्नाभोवती फिरतं, आणि तो इतक्या सरळ शब्दांत मला कुणी विचारला नव्हता.

सीमेवर परके अणू किती जमतील हे सांगणारं, डोनाल्ड मॅकलीन यांनी १९५७ मध्ये दिलेलं समीकरण आजही वर्गात पहिलं शिकवतात. त्यात सीमेवरच्या सगळ्या जागांना एकच ऊर्जा धरलेली असते. समीकरण सुंदर आहे, पण खऱ्या सीमेवरच्या जागा कदंबच्या बसमधल्या सीटांसारख्या असतात: खिडकीच्या आधी भरतात, मागच्या चाकावरची कुणाला नको असते. १९७७ मध्ये व्हाइट आणि कॉग्लन यांनी एका आकड्याऐवजी ऊर्जांची अख्खी मालिका घ्यायला सुचवलं. तेव्हा एवढे हिशेब करणारे संगणक हाताशी नव्हते. २०१९ मध्ये वागीह आणि शू यांनी नेमका ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचाच बहुकणी नमुना घेऊन सीमेवरच्या हजारो जागा एकेक करून तपासल्या. मिळालेला आलेख एका बाजूला कललेल्या टेकडीसारखा होता.

मी काकांना माझ्या पडद्यावरचा तसाच आलेख दाखवला आणि कागदावर हिशेब मांडला. तापमान ७० अंश, आत वीस अणूंमागे एक मॅग्नेशियम. जिथे ऊर्जेचा फायदा शून्य, तिथे सीमेवरही वीसमागे एकच. फायदा ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंची ऊर्जा मोजायचं एकक) असेल तर पाचपैकी तीन जागा मॅग्नेशियमने भरतात. ०.२ असेल तर जवळपास सगळ्या. एवढ्याशा फरकाने एवढी उलथापालथ होते, कारण ऊर्जा घातांकात बसलेली असते. सरासरी काढली की हीच माहिती पुसली जाते, आणि चीर तर टोकाच्या जागांच्या मागे जाते. या विषयात सरासरीवर भागवणं मला म्हणूनच पटत नाही.

माझ्या नमुन्यात ज्या सीमांवर दोन कणांच्या दिशांत फरक थोडा होता, त्यांच्यावर चांगल्या जागा कमीच होत्या. अशा सीमांवर बीटा कमी जमतं, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. प्लेटवरच्या न दिसणाऱ्या रेषा त्यातल्याच असाव्यात. कणांच्या दिशा मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. आणि मॅग्नेशियम जमणं म्हणजे बीटा तयार होणं नव्हे. त्याचा अंकुर धरायला आणखी एक पायरी लागते, ती माझ्या हिशेबात अजून नाही. हेही मी काकांना सांगितलं.

त्यांचा पुढचा प्रश्न यार्डातला होता: "मग कापू कुठवर?"

अडीचशे अंशांच्या वर नेलं तर बीटा परत विरघळतं, पण बोटीवर, रंग आणि वायरिंग असताना, ते कोण करणार? म्हणून आम्ही पाइपापासून लांब जाणारी पट्टी मागवली. दुपारी ती आली. ठिकठिकाणी ॲसिड लावून पाहिलं, चर फिके होत गेले आणि एका जागेपासून पुढे उमटलेच नाहीत. तिथे मी मार्करने रेघ मारली. खात्रीसाठी रेघेपलीकडचा तुकडा नायट्रिक ॲसिडच्या चाचणीला ठेवला. एएसटीएम जी ६७ या प्रमाणित चाचणीप्रमाणे ३० अंशांवर २४ तास ठेवायचं. चौरस सेंटिमीटरमागे वजन १५ मिलिग्रॅमपर्यंत घटलं तर प्लेट ठीक, २५ च्या वर गेलं तर धोक्याची.

दुसऱ्या दिवशी आकडा पंधराच्या बराच खाली आला. काकांना फोन केला. त्यांनी रेघेच्याही हातभर पुढून कापायचं ठरवलं आणि नवी प्लेट चढवण्याआधी पाइपला लॅगिंग करून घेतलं. मी त्याच आठवड्यात नमुन्यात शेजारशेजारच्या मॅग्नेशियम अणूंचा एकमेकांवरचा परिणाम घालायला घेतला, तापमान तेच ठेवून, ७० अंश.