आमची वाटचाल: कर्ण्यापासून मॉनिटरपर्यंत

मिरजेत साऊंडचा धंदा करायचा म्हणजे समोर कानसेन बसलेले असणार, हे धरूनच चालायचं. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर आणि दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारं गाणं ऐकत वाढलेलं गाव. आवाज जरा फाटला की माना मिक्सरकडे वळतात.

वडिलांनी दोन कर्णे आणि एका अहुजा अँप्लिफायरवर लग्नं-बारशी केली. माझ्या काळात कर्णे माळ्यावर गेले, बॉक्स आले, मॉनिटर आले, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर. ती वर्षं बरी गेली.

सांगायचं आहे ते शिट्टीबद्दल, म्हणजे फीडबॅकबद्दल: स्पीकरचा आवाज पुन्हा माइकात शिरून फिरत राहिला की ती वाजते. ‘यांचा साऊंड शिट्टी मारतो’ असं अजूनही कुणीतरी म्हणतं, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

एका बड्या संस्थेचा वर्धापनदिन, भावगीतांचा कार्यक्रम. माइक एसएम ५८, म्हणजे शेपटीकडून, केबल लागते त्या टोकाकडून, बहिरा. म्हणून मॉनिटर गायिकेच्या बरोबर समोर, तोंड थेट माइकच्या शेपटीकडे. दुपारी साऊंड चेक झाला, ग्राफिक इक्वलायझरच्या (आवाजातले ठरावीक सूर कमी-जास्त करायच्या यंत्राच्या) दोन-तीन पट्ट्या किंचित खाली घेतल्या, आवाज खणखणीत. संध्याकाळी आयोजकांच्या लक्षात आलं की फोटोत पाहुण्यांच्या पायाशी काळे डबे दिसतात. मी टेम्पोतून केबल आणायला गेलो, तेवढ्यात त्यांच्या माणसांनी मॉनिटर दोन्ही विंगांकडे सरकवले आणि तिथे कुंड्या मांडल्या. बाजूने हा माइक समोरच्यापेक्षा जेमतेम ६ डीबी (डेसिबल) कमी ऐकतो. पहिल्याच कडव्याला कूंऽऽ! मॉनिटरचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली घेतला तर गायिका खुणेने म्हणते, मला मीच ऐकू येत नाही. वर घेतला की पुन्हा शिट्टी. आणि पहिल्या रांगेत आमचा प्रतिस्पर्धी मोबाईलवर शूटिंग करतोय.

त्या क्लिपवर त्याने आमचा अख्खा गणपती-नवरात्रीचा सीझन खाल्ला. हप्ते थकले, टेम्पो विकावा लागला. कुंड्या क्लिपमध्ये स्पष्ट दिसत होत्या, पण ते बघतो कोण? स्वतः हा गृहस्थ सुपरकार्डिऑइड, म्हणजे समोरचं आणखी अरुंद पट्ट्यात ऐकणारा, माइक वापरतो आणि मॉनिटर ठेवतो गायकाच्या नाकासमोर! अहो, त्या माइकची शेपूट थोडी ऐकते. तो बहिरा असतो तोंडाच्या दिशेपासून साधारण १२५ अंशांवर, मागे दोन्ही बाजूंना तिरका. मॉनिटर तिथे हवेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. पण त्याच्या डिजिटल मिक्सरला फीडबॅक कापायचं बटण आहे ना. त्यात गाणाऱ्याचा आवाजही कापला जातो, हे गिऱ्हाईकाला कोण सांगणार?

त्या वर्षी टिकलो ते एका भजनीबुवांमुळे. मी म्हटलं, “बुवा, यंदा दुसरं कुणी बघितलंत तरी मला राग नाही.” म्हणाले, “तू ये रे गपचूप. मला माझी पेटी ऐकू आली पाहिजे, गावाचं गाव बघेल.”

बुवांचं काम सोपं नाही. उभ्या गायकासाठी बनवलेला मॉनिटर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून आवाज फेकतो. मग मिक्सरवाला आवाज वाढवत जातो आणि शिट्टीला आमंत्रण देतो. आम्ही मॉनिटरच्या मागच्या कडेखाली ठोकळा सारून त्याचं तोंड खाली आणतो. तो ठोकळा सतारमेकर गल्लीतल्या उरल्यासुरल्या लाकडाचा आहे आणि माझ्या मिक्सरपेक्षा जास्त वर्षं टिकलाय. माइक छोट्या बूम स्टँडवर, शेपूट मॉनिटरकडे. पेटीच्या फळीवरून आवाज उसळून माइकात शिरत नाही ना, तेही बसून बघायचं.

नव्या पोरांना सांगतो, आधी मॉनिटर हलवून बघा, मग इक्वलायझरला हात लावा. टाळकऱ्यांचे माइक काम नसेल तेव्हा बंद ठेवा. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधी आवाज वाढवायच्या मुभेतले ३ डीबी गेले. आणि निवेदकाने माइकची जाळी मुठीत धरली तर त्याला तिथल्या तिथे सांगा, लाजू नका. जाळी झाकली की माइकचा बहिरेपणा संपला.

आता आमच्या कोटेशनमध्ये छापलेलं असतं: साऊंड चेकनंतर मॉनिटर कुणी हलवल्यास आवाजाची जबाबदारी आमची नाही. त्या संस्थेचा यंदा फोन आला होता. दर विचारायच्या आधी अट वाचून दाखवली. ‘कळवतो’ म्हणाले.